डाव्या भुवईची खूण

सोमवार, ३ तारीख

विसरभोळे, आधी तक्रार ऐक. तू मला हा फोन दिलास, लाल ठिपका दाबला की तो ऐकायला लागतो हे शिकवलंस, हिरवा बाण दाबला की सगळं तुझ्याकडे पोचतं हेही शिकवलंस, आणि मधेच थांबवायचं कसं ते सांगायला विसरलीस. म्हणून आज सकाळी माझं चूळ भरणं, खोकणं आणि गादी झटकणं सगळं तुला ऐकावं लागेल. ऐक. लहानपणी तुझं रडणं मी याहून जास्त ऐकलंय.

रोज थोडं बोल, मी लिहून काढते, आजीची रोजनिशी होईल, असं म्हणालीस. बरं. अक्षराशी माझं जन्माचं वाकडं, पण आकडे कळतात. तेव्हा तारीख माझी, अक्षर तुझं. चुका सगळ्या तुझ्या.

घर झकास आहे. मला खालच्या मजल्यावर स्वतंत्र खोली मिळाली आहे: लोखंडी खाट, खुंट्या तीन, खिडकी एक, आणि तळहाताएवढा आरसा. या वयात याहून मोठ्या आरशाचं करायचंय काय. काम असं की, घरचे साहेब नामांकित चित्रकार, वय अठ्ठ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. त्यांना भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, दुपारी चाकांच्या खुर्चीत बसवायचं. घर त्यांची भाची चालवते. बाई बोलायला गोड, पण चाव्यांचा जुडगा झोपतानाही सोडत नसेल. शिवाय रोज एक गृहस्थ येतो, साहेबांवर पुस्तक लिहितोय. त्याचा चष्मा इतका जाड की आधी चष्मा आत येतो, मग तो. त्याला मी चष्मेवाला म्हणते.

एकच गैरसोय. साहेबांना डॉक्टरांनी मीठ बंद केलंय आणि ते चोरून खायचे, म्हणून भाचीने घरातून मीठच हद्दपार केलंय. साहेबांबरोबर मीही अळणी. तुझे आजोबा असते तर पहिल्या घासाला पळून गेले असते. तो माणूस चव घ्यायच्या आधीच मीठ मागायचा. तेव्हा एक पुडी मिठाची पाठव. विसरशील, माहीत आहे, तरी सांगते.

बुधवार, ५ तारीख

मीठ आलं नाही. मला नवल वाटलं नाही.

आज भाचीने दिवाणखाना पुसायला सांगितला. एका भिंतीवर साहेबांनी स्वतःची काढलेली चित्रं आहेत, सात. प्रत्येकाच्या शेजारी त्याच वर्षाचा साहेबांचा फोटो. ही मांडणी चष्मेवाल्याची. त्याचं पुस्तकच मुळी यावर आहे, की साहेब फोटोत कसे दिसतात आणि स्वतःच्या चित्रांत कसे. ही सात चित्रं साहेबांनी कधी घराबाहेर जाऊ दिली नाहीत, कुणाला छापू दिली नाहीत. जाणकार लांबून इथे येतात, पाहतात, माना हलवतात.

मी पण पाहिलं. फोटोत साहेबांचा खालचा ओठ लोंबता, नाकाशेजारी मटाराएवढी चामखीळ, डावा डोळा अर्धा मिटलेला, गाल भरलेले. चित्रात चेहरा निमुळता, ओठ पातळ, चामखिळीचा पत्ता नाही, आणि डोळे असे की पुसताना माझाच हात थांबला. दाढी तेवढी तीच, टोपी तीच, झगा तोच. मी चष्मेवाल्याला म्हटलं की टोपी काढली तर या दोघांची सोयरीकसुद्धा जुळायची नाही. तो हसला आणि मला समजावू लागला, की फोटो कातडी दाखवतो आणि थोर कलावंत आतला माणूस दाखवतो. मी विचारलं, आतल्या माणसाला चामखीळ नसते का. तो म्हणाला, आजी, तुम्ही मोठा प्रश्न विचारलात, आणि वहीत लिहून घेतला.

मग त्याने मला डाव्या भुवईवरची खूण दाखवली. साती चित्रांत आहे. भुवईचे केस मधेच तुटलेले, तांदळाएवढी रेघ. फोटोत कुठेच नाही. ते म्हणे दुःखाचं प्रतीक आहे.

मी बादली घेऊन बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले.

पोरी, तुला एक सांगितलं नाही. या घराचं फाटक मी शेहेचाळीस वर्षांपूर्वी बाहेरून पाहिलंय. तुझे आजोबा इथेच कामाला होते. साहेबांचे रंग घोटायचे. एक दिवस घरी आले नाहीत. तुझ्या आईला कडेवर घेऊन मी फाटकाशी आले, तर साहेबांनी आतूनच निरोप पाठवला, की चित्रासाठी बसायला येणाऱ्या एका बाईबरोबर तो पळून गेला, इथे शोधू नकोस. त्या दिवसापासून मी टाकलेली बायको. भांडी घासली, म्हाताऱ्यांची अंगं पुसली, पण तो शब्द काही धुतला गेला नाही. कामं देणाऱ्या बाईने या घराचं नाव घेतलं तेव्हा मी पगार न विचारता हो म्हटलं. तो कुठे गेला, एवढंच मला मरायच्या आधी कळायला हवंय.

आणि भुवईवरची खूण माझ्या ओळखीची आहे.

गुरुवार, ६ तारीख

रात्रभर स्वतःशीच भांडले. खूण तीच, पण बाजू चुकीची.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी त्याला उलथनं फेकून मारलं होतं. कारण आठवत नाही, त्याचंच चुकलं असणार. मी डावरी, तो समोर उभा, म्हणून लागलं त्याच्या उजव्या भुवईला. रक्त पुसत हसत म्हणाला, तुला सही येत नाही म्हणे, ही काय केलीस मग. तेव्हा ती सही माझी आहे, आणि ती उजव्या भुवईवर आहे. चित्रात डावीवर. म्हणजे चित्रातला तो नव्हे. असं म्हणत मी उठले आणि वेणी घालायला बसले.

माझ्या डाव्या गालावर तीळ आहे, तुला माहीत आहे. तळहाताएवढ्या आरशात पाहताना वाटलं, आत जी म्हातारी आहे तिला परकी समजलं, तर तीळ तिच्या कुठल्या गालावर? उजव्या.

फणी हातातून पडली गं.

दुसऱ्या कुणी त्याला समोर बसवून चित्र काढलं असतं, तर खूण उजवीवरच राहिली असती. ती डावीवर गेली, कारण काढणारा आरशात पाहत होता. स्वतःला पाहत होता. साती चित्रं त्याने स्वतः, स्वतःची काढली आहेत. साहेबांची टोपी घालून, साहेबांचा झगा घालून. खालच्या कोपऱ्यात नाव मात्र साहेबांचं. मला ते वाचता येत नाही, पण चष्मेवाला बोट ठेवून दाखवतो.

एकदा जेवताना तुझे आजोबा मला सांगत होते, की साहेब आता मला रंगवायलाही देतात, तोंड काढायला देतात. मी म्हटलं होतं, तुझं तोंड कोण विकत घेणार. तो हसला नाही. त्या दिवशी मीठही मागितलं नाही.

शनिवार, ८ तारीख

मीठ नाही. तुझ्या डोक्याला भोक आहे, मी तुझ्या आईला तेव्हाच सांगितलं होतं.

आज चष्मेवाल्याला चहा करून दिला आणि भोळं तोंड करून विचारत राहिले. मोठ्या माणसांना अडाणी म्हातारीला शिकवायला फार आवडतं. वरच्या चित्रशाळेत एक पुरुषभर उंचीचा आरसा आहे, त्यात पाहून साती चित्रं काढली. सातव्यानंतर साहेबांनी त्यावर कापड टाकलं, ते आजतागायत. आठव्यासाठी ताणलेला कोरा कॅनव्हास तसाच उभा आहे. आणि खालच्या मजल्यावर रंगखोलीत रंग घोटायची दगडी शिळा आहे, चार माणसांना उचलणार नाही अशी. ती हलवायची नाही, खालची फरशी बदलायची नाही, ही साहेबांची सक्त ताकीद. चष्मेवाला म्हणाला, कलावंताचा आपल्या साधनावरचा जीव.

मी विचारलं, ताकीद कधीपासूनची. म्हणाला, सातव्या चित्राच्या वर्षापासूनची. शेहेचाळीस वर्षं झाली.

दुपारी साहेबांना भरवताना मी हळूच त्यांच्या कानात तुझ्या आजोबांचं नाव घेतलं. म्हटलं, मी त्याची बायको. मग विचारलं, शिळेखाली आहे ना? साहेबांचा चांगला डोळा आधी छताकडे गेला, मग दाराकडे, मग माझ्याकडे आला आणि तिथेच राहिला. भात तोंडातून गळला. जड जिभेने एकच शब्द बोलले. "सही." पुन्हा म्हणाले, "सही मागत होता."

मी त्यांचं तोंड पुसलं. नीट पुसलं. माझ्या कामात खोट काढायला जागा नाही.

सोमवार, १० तारीख

भाची साहेबांच्या प्रदर्शनासाठी परगावी गेली, दहा दिवसांसाठी. जाताना मला म्हणाली, आजी, साहेबांना अगदी घरच्यासारखं सांभाळा. म्हटलं, घरच्याहून जास्त.

तू म्हणशील, पोलिसांत जा. जाईन. पण शेहेचाळीस वर्षं मी जे गिळलं त्याचा एक घास आधी त्यांनी गिळावा. दूधवाल्याला आणि माळ्याला हाताशी घेऊन वरचा आरसा खाली आणवला आणि साहेबांच्या पलंगाच्या पायथ्याशी उभा केला. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं, कुणी काही विचारलं नाही. दोघे गेल्यावर मी कापड ओढलं.

साहेब ओरडले. अर्ध्या जिभेने माणूस इतकं ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी खुर्ची आरशासमोर लावली, पट्टा बांधला आणि शेजारी स्टुलावर बसून शेंगा सोलत राहिले. दुपारी दोन ते चार. मला आरशात साहेबच दिसत होते. साहेबांना काय दिसत होतं, ते त्यांनाच ठाऊक.

उद्या पुन्हा दोन ते चार.

गुरुवार, १३ तारीख

चष्मेवाल्याची आज दया आली. सकाळी दिवाणखान्यातून हाका मारत आला. पहिल्या चित्रातला खालचा ओठ लोंबायला लागलाय. दुसऱ्यात नाकाशेजारी काहीतरी उगवलंय. आधी म्हणाला ओल आलीय, मग म्हणाला वॉर्निश फुगलंय, मग भिंगातून पाहिलं आणि खुर्चीत बसला. चामखीळ रंगवलेली आहे म्हणे. ब्रशचे फटकारे दिसतात. फोटोत आहे हुबेहूब तशी.

बिचाऱ्याने आठ वर्षं चित्र आणि फोटो यांतल्या फरकावर पुस्तक लिहिलं, आणि चार दिवसांत फरकच राहिला नाही. उद्या तज्ज्ञ घेऊन येतो म्हणाला.

त्याला दारापर्यंत पोचवलं. पण दार लावल्यावर हसले. मोठ्याने हसले. त्याच्या चेहऱ्यावर तुम्ही नाव घातलंत ना साहेब, आता तुमच्या नावाखाली तुमचाच चेहरा येतोय. घ्या.

शनिवार, १५ तारीख

चष्मेवाला आला नाही. तज्ज्ञही नाही. दूधवाला सांगत होता, काल फाटकातून आत शिरला, दिवाणखान्याच्या खिडकीतून आत पाहिलं आणि चष्मा तिथेच टाकून गेला. चष्मा मी उचलून ठेवलाय.

साती चित्रांत आता साहेब आहेत. लोंबता ओठ, मिटका डोळा, चामखीळ. फोटोत आणि चित्रात एकच वेगळं. फोटोत तोंड मिटलेलं आहे. चित्रांत उघडं. साती चित्रांत उघडं.

आणि पलंगावरच्या माणसाची चामखीळ पुसताना माझ्या हाताला लागली नाही. गाल आत गेलेत. ओठ पातळ झालाय. मी त्याचे केस विंचरले आणि रडले, पण आनंदाने. तो परत येतोय, पोरी. शिळेखालून, आरशातून, कुठूनही येवो. मी टाकलेली नव्हते.

सोमवार, १७ तारीख

उजवं अंग हललं. तो उठून बसला.

बोललासुद्धा. आवाज त्याचाच. माझं नाव घेतलं, जे आता घेणारं कुणी उरलं नाही. मग विचारलं, माझा फोटो का जाळलास.

तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या आईलाही नाही. त्याचा एकच फोटो होता, लग्नातला. पळून गेला ऐकल्यावर मी तो चुलीत घातला आणि म्हटलं, तुझं तोंड पुन्हा कुणाला दिसू नये. चुलीशी मी एकटी होते. त्याला कसं कळलं?

मी म्हटलं, चुकले. तो म्हणाला, हो.

एवढंच.

मंगळवार, १८ तारीख

आज भरवायला बसले तर घास त्याने माझ्या हातून घेतला. डाव्या हाताने. डावरी मी गं, तो नव्हे. जन्मभर मला त्यावरून चिडवायचा.

मग मी त्याची भुवई पाहिली. इतके दिवस पाहत होते, पण आनंदात होते.

खूण डावीवर आहे.

माझी सही उजवीवर होती. डावीवर ती फक्त आरशात होती, आणि चित्रात. मीच ओळखलं होतं ना, इतकी शहाणी मी — मग आरसा लावताना का नाही ओळखलं, की आरशातून जो येईल तो आरशातलाच येईल. माझा माणूस अजून शिळेखाली आहे. हा दुसरा आहे. शेहेचाळीस वर्षं कापडाखाली उभा होता, त्याचा राग तेवढा याला मिळालाय. हसणं नाही मिळालं.

माझ्या डोळ्यातलं एक टिपूस भातात पडलं. त्याने घास तोंडात घातला आणि थुंकला. भिंतीपर्यंत मागे सरकला, तोंड पुसत. जीभ भाजल्यासारखी लाल. एवढ्याशा खारटपणाने. जो माणूस चव घ्यायच्या आधी मीठ मागायचा —

घरात मीठ नाही. तू पाठवलं नाहीस.

बुधवार, १९ तारीख, सकाळ

फाटकाला आतून कुलूप आहे. भाचीच्या चाव्या तिच्याबरोबर गेल्या, मग हे कुणी लावलं. दूधवाला हाका मारून गेला. मी ओ दिली, तर याने माझ्या आवाजात सांगितलं, सगळं ठीक आहे.

वरून दगडावर दगड घासल्याचा आवाज येतोय. रंग घोटतोय. आरसा त्याने पुन्हा वर नेला. एकट्याने.

मला बोलावून कोरा कॅनव्हास दाखवला, आठवा. म्हणाला, सात चित्रांना साहेब पुरेसे झाले. माझं तोंड मला मिळालं, पण एकदा जाळलेलं तोंड टिकत नाही, नवं रक्त लागतं. मी म्हटलं, माझं घे. तो म्हणाला, तू म्हातारी, तुझ्यात रंग उरला नाही. मग विचारलं, नात कुणावर गेलीय.

मी म्हटलं, तिच्या बापावर.

तो म्हणाला, खोटं. भुवई माझी आहे.

बुधवार, दुपार

येऊ नकोस. आधी हे लिही आणि मोठ्या अक्षरात लिही. सगळं विसर, हे विसरू नकोस. फोन येईल, माझ्या आवाजात येईल, आजी आजारी आहे, ये म्हणेल. मी आजारी नाही. मी तुला ये म्हणणार नाही. मी हाक मारली तर विसरभोळे म्हणेन. नुसतं बाळ म्हटलं तर ती मी नव्हे.

चष्मेवाल्याला शोध, पोलिसांना सांग, शिळा उचला. खालच्याला बाहेर काढा, त्याला नाव द्या. खूण उजव्या भुवईच्या हाडावर असेल बघ — उलथनं लोखंडाचं होतं —

आवाज थांबला वरचा.

साहेबांची मला कीव नाही. अजूनही नाही. साती चित्रांत ओरडताहेत, ओरडू देत. पण याला मी आणलंय, याला मीच —

पायऱ्यांवर आहे. मोजतोय. डाव्या पायाने आधी.

ऐक, डबा पाठव. दूधवाल्याबरोबर, भिंतीवरून आत सोड म्हणावं. स्वतः नको. भात कर, मऊ, अगदी मऊ, त्याला चावावं लागू नये असा, आणि त्यात मीठ घाल. चिमूट नाही, मूठ. दोन मुठी. वरून गूळ कालव म्हणजे पहिल्या घासाला कळणार नाही, गिळेल, मी भरवीन, माझ्या हाताने भरवीन, फक्त यावेळी मीठ विसरू नको, वि—